भिंतीला बाहेरून फोम लावताना या चुका टाळा

अमेरिका-कॅनडातल्या लाकडी सांगाड्याच्या घरात साइडिंग (भिंतीचं बाहेरचं आवरण) बदलायला काढलं की कंत्राटदार सुचवतो, "खाली फोमचे बोर्डही मारून टाकू." कल्पना चांगलीच आहे. स्टडांच्या, म्हणजे सांगाड्यातल्या उभ्या लाकडांच्या मधे कितीही फायबरग्लास भरा, लाकूड स्वतः इंचाला जेमतेम आर-1.25 देतं (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप), प्रत्येक स्टडमधून उष्णता निसटतच राहते. बाहेरून सलग फोम लागला की ती वाट अडते.

घोटाळा होतो जाडीत. 'अर्धा इंच का होईना, नसण्यापेक्षा बरं' हा हिशेब थंड प्रदेशात अंगाशी येतो. घरातली दमट हवा भिंतीत शिरते आणि थंडगार ओएसबीवर, म्हणजे स्टडांवर बाहेरून ठोकलेल्या लाकडी चिपांच्या बोर्डावर, तिचं पाणी होतं. एरवी ते बाहेरच्या बाजूने सुकतं. फोम ती सोय बऱ्याच अंशी काढून घेतो. म्हणून फोम इतका जाड हवा की ओएसबी गारठणारच नाही. आर-20 भरलेली टू-बाय-सिक्सची (नावाला दोन बाय सहा इंची स्टडांची) भिंत घ्या. बाहेर 0 अंश सेल्सिअस, घरात 21. अर्धा इंच एक्सपीएस (फोमचा एक प्रकार), म्हणजे आर-2.5 लावला, तर ओएसबी आतून जेमतेम 2 अंशांवर. दीड इंच लावला तर पावणेसहाच्या आसपास. घरात आर्द्रता 35 टक्के असेल तर दव धरतं 5 अंशांना. सगळा खेळ त्या एका इंचाचा! आतून नुसता लॅटेक्स रंग असेल तर अमेरिकेचा निवासी कोड अशा भिंतीवर शिकागोसारख्या हवामान-झोन 5 मध्ये किमान आर-7.5 आणि मिनीआपोलिसच्या झोन 6 मध्ये आर-11.25 मागतो. कोटेशनमध्ये जाडी लिहून घ्या.

आत प्लॅस्टिकची शीट आणि बाहेर फॉइलवाला पॉलिआयसो (फोमचाच आणखी एक प्रकार), ही जोडी नको. मधे अडकलेल्या पाण्याला कुठूनच वाट नाही.

खिडक्यांपाशी मात्र घाई करू देऊ नका. पाऊस अडवणारा थर कोणता, टेप मारलेला फोम की मागचा हाउसरॅप (ओएसबीवर गुंडाळलेली पाणीरोधक शीट), हे आधी ठरवा आणि फ्लॅशिंग, म्हणजे खिडकीभोवती पाणी बाहेर वळवणाऱ्या पट्ट्या, त्याच थराला जोडा. जाड फोमवर साइडिंग थेट ठोकू नका. वरून एक-बाय-चार इंची लाकडी पट्ट्या लांब स्क्रूने स्टडमध्येच घट्ट बसवा. नुसत्या ओएसबीत घुसलेला स्क्रू हुकलाच समजा. गोंद फोमला चालणारा हवा. गणपतीच्या थर्माकोलच्या मखरावर स्प्रेपेंट मारून पाहिलेल्यांना कारण सांगायला नको.

पातळ फोम आधीच लागलाय? फेब्रुवारीच्या अखेरीस उत्तरेकडच्या भिंतीत आतून ड्रायवॉलचा (जिप्समच्या बोर्डाचा) लहानसा चौकोन कापा, फायबरग्लास बाजूला सारा. ओएसबी काळवंडलंय, खिळ्यांची टोकं गंजलीत, तर आधी घरातला दमटपणा उतरवा: ह्युमिडिफायर बंद, बाथरूमचा पंखा जास्त वेळ चालू. आणि ओट्यावरचा हूड तपासा. पुष्कळ हूड हवा गाळून परत स्वयंपाकघरातच सोडतात, म्हणजे कुकरची सगळी वाफ घरातच. हूडचा पंखा लावून बाहेर जा आणि भिंतीवरची झडप उघडते का बघा.