जुन्या कॅम्पर व्हॅनचे ब्रेक पाइप: तपासताना आणि बदलताना या चुका टाळा

कुंभार्ली घाट उतरत होतो. मागे गॅसची टाकी, भांडीकुंडी, अंथरुणं आणि काठोकाठ भरलेली पाण्याची टाकी. शेजारच्या सीटवर आई. एका वळणाआधी ब्रेक दाबला आणि पेडल नेहमीच्या जागी थांबलंच नाही, पार खाली गेलं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती आणि मास्टर सिलेंडर (पेडलच्या जोराने ब्रेकचं द्रव पाइपांत ढकलणारा भाग) दोन कप्प्यांचं होतं, पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं. मागची लाइन गेली तरी पुढच्या चाकांचे ब्रेक शाबूत राहिले, आणि हँडब्रेकची जोड देऊन कडेला थांबता आलं. तिथून पोफळीपर्यंत गाडी टो करून आणली.

त्या दिवशी गाडीखाली जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. मागच्या एक्सलच्या हातभर अलीकडे पाइप धरून ठेवणारी एक पत्र्याची क्लिप. ती काढली तर खाली पाइपवर गंजाचा फुगीर खपला, चिंचोक्याएवढा. नखाने दाबल्यावर तो पापुद्र्यासारखा सुटला आणि आत मधाच्या रंगाचा ओला ठिपका दिसला. क्लिपच्या दोन्ही अंगांना पाइप धडधाकट होता, त्यावरचा रंगसुद्धा टिकलेला. बरोब्बर वर माझ्या सिंकचं सांडपाणी सोडणारी नळी होती. दोन वर्षं खरकटं, मीठ आणि साबण मिसळलेलं पाणी त्या एकाच क्लिपवर ठिबकत होतं.

माझी व्हॅन 2001 सालची टेम्पो ट्रॅव्हलर आहे, पण पुढे लिहितोय ते कुठल्याही जुन्या व्हॅनला लागू आहे. बहुतेक गाड्यांत हा पाइप बाहेरून 4.75 मिमी, म्हणजे तीन षोडशांश इंच जाडीचा असतो आणि त्याची भिंत साधारण 0.7 मिमी. जोरात ब्रेक मारला की आत 70 ते 100 बार दाब तयार होतो. टायरमधल्या हवेच्या वीसेक पट. एवढा दाब पोस्टकार्डाच्या दोन-तीन पट जाडीच्या पत्र्यावर आहे, हे लक्षात ठेवूनच गाडीखाली जायचं.

दिसतो तेवढाच पाइप बघणं

सगळ्यात मोठी चूक हीच. गाडी रॅम्पवर चढते, कुणीतरी टॉर्च फिरवतो, "पाइप चांगले आहेत" म्हणतो आणि काम संपतं. पाइप मधल्या उघड्या भागात क्वचितच सडतो. तो सडतो क्लिपखाली, कारण तिथे चिखल आणि ओल अडकून राहते. सडतो डिझेल टाकीच्या वरून जातो तिथे, चेसिसच्या पोकळीत शिरतो तिथे आणि नटाच्या मागच्या बोटभर भागात.

कॅम्परमध्ये यात आपण स्वतः भर घालतो. सांडपाण्याची टाकी, ज्यादा बॅटरीची पेटी, गाडीखाली बसवलेलं स्टेपनीचं स्टँड, या सगळ्यांच्या मागे पाइप गडप होतो. म्हणून तपासणीला बसताना आपण नंतर बसवलेली प्रत्येक वस्तू सोडवायची तयारी ठेवा. प्लायवूडची जमीन ठोकताना मारलेले स्क्रूही बघा. पत्र्यातून खाली आलेलं स्क्रूचं टोक पाइपला टेकलं असेल तर प्रत्येक खड्ड्यागणिक ते पाइप कुरतडत असतं. नव्याने भोक पाडायचं असेल तर आधी एकाने खाली झोपून बघावं, मगच वरच्याने ड्रिल चालवावं.

साहित्य फार लागत नाही: टॉर्च, दांड्यावरचा छोटा आरसा, तारेचा मऊ ब्रश, कोरडं फडकं. क्लिप एकेक करून सोडवा, पाइप पुसा, बोट फिरवा. नुसता तांबूस रंग आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर तो वरवरचा गंज. बोटाला खाच, खड्डा किंवा फुगवटा लागला, ब्रशने पापुद्रे सुटले, की तो पाइप गेला. पण ज्या गाडीने लगेच घरी जायचं आहे, तिच्या सडक्या पाइपला स्क्रूड्रायव्हरने टोकरत बसू नका. उरलासुरला पत्रा तिथेच फुटेल.

गाडीखाली काळं अंडरकोटिंग मारलेलं असेल तर जास्तच संशय धरा. गंजावर मारलेला तो थर ओल आत कोंडून ठेवतो आणि बाहेरून सगळं काळंभोर, नवंकोरं दिसतं. जुनी गाडी विकायच्या आधी हा थर मारायची पद्धत आहे, तेव्हा खरेदीच्या वेळी त्याला भुलू नका. आमच्यासारख्या कोकणातल्या गाड्यांना खारा वारा बारा महिने लागतो. समुद्राकाठी मुक्काम झाला की घरी आल्यावर गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः क्लिपांच्या जागा.

मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ती ब्रेकची की डिफरन्शियलच्या तेलाची, (मागच्या एक्सलमधल्या गिअरच्या पेटीतल्या), हा प्रश्न नेहमी पडतो. वाटीत पाणी घ्या, त्यात थेंब टाका. ब्रेकचं द्रव पाण्यात मिसळून जातं, गिअर ऑइल तरंगतं. शिवाय गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो.

सडका तुकडा कापून जोड देणं

माझ्या गाडीचा आधीचा मालक एका गॅरेजवर विश्वासला होता, आणि त्या गॅरेजने पुढच्या लाइनमध्ये वीतभर पाइप कापून दोन्ही टोकांना दाबून बसणारे पितळी जोड दिले होते. पाण्याच्या किंवा गॅसच्या लाइनला लावतात तसले. मला ते मागचा पाइप बदलताना सापडले. असे जोड ब्रेकला कधीही चालत नाहीत. त्यात पाइप केवळ रिंगेच्या पकडीवर टिकतो, आणि 100 बारला, थरथरणाऱ्या चेसिसवर, तो निसटू शकतो.

शिवाय एक जागा सडली म्हणजे त्याच वयाचा, तेच पाणी खाल्लेला बाकीचा पाइपही त्याच वाटेवर असतो. पाइप बदलायचा तो मूळ जोडापासून मूळ जोडापर्यंत अखंड.

एसीवाल्याकडे मिळणारं तांब्याचं पाइपही घेऊ नका. हाताने सहज वळतं, गंजत नाही, म्हणून मोह होतो. पण शुद्ध तांबं थरथरीने कडक होत जातं आणि मग तडकतं, आणि ते पाइप या दाबासाठी बनवलेलंही नसतं. दोनच पर्याय ठेवा: ब्रेकसाठीच बनवलेलं दुहेरी भिंतीचं, लेप दिलेलं स्टीलचं पाइप, किंवा तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं ब्रेक पाइप, ज्यात साधारण 90 टक्के तांबं आणि 10 टक्के निकेल असतं. दुसरं महाग आहे, पण खाऱ्या हवेत गंजत नाही आणि वळवायला सोपं. समुद्राजवळ राहणाऱ्याने तेच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

"ब्रेक ऑइल" या नावाला फसणं

आपल्याकडे सगळेच त्याला ब्रेक ऑइल म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ते खनिज तेल नाही. डॉट 3 आणि डॉट 4 (बाटलीवर लिहिलेले दर्जे) ही ग्लायकॉल जातीची द्रवं आहेत. मास्टर सिलेंडरवरच्या द्रवाच्या डबीत कमी दिसलं म्हणून कुणी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं तेल ओतलं, किंवा सुटे भाग रॉकेल-डिझेलने धुतले, तर आतली रबरं फुगतात. मग मास्टर सिलेंडरपासून चाकापर्यंतचं प्रत्येक रबर बदलावं लागतं. धुवायला ब्रेक क्लीनर किंवा तेच ताजं ब्रेकचं द्रव वापरा.

हे द्रव हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 4 ताजं असताना किमान 230 अंशांना उकळतं. पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर 155 अंशांनाही उकळू शकतं. लांब घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवला की एवढी उष्णता चाकाशी सहज तयार होते. द्रव उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल खाली जातं, ब्रेक लागत नाही. शिवाय त्याच पाण्याने पाइप आतूनही गंजतो. म्हणून दोन वर्षांनी सगळं द्रव बदला, आणि कपाटात गेल्या वर्षी उघडून ठेवलेली बाटली त्यासाठी वापरू नका. डॉट 5 हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. डॉट 5.1 मात्र ग्लायकॉलचंच, तेव्हा बाटलीवरचा आकडा नीट वाचा. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलून येतो.

नट आणि पाइपचं तोंड

साध्या उघड्या पान्याने जुना नट सोडवायला गेलात की त्याचे कोपरे झिजतात. पाइपवरून घालता येईल असा, तोंडाशी खाच असलेला रिंग पाना मिळतो. बहुधा 10 किंवा 11 मिमीचा लागतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं स्प्रे मारून ठेवा. नटाबरोबर पाइपही फिरायला लागला तर तो नट वाचवत बसू नका, पाइप कापा आणि सहा कोनी सॉकेटने नट काढा. पण पाइप वाकडा न करता काढता आला तर जपून ठेवा. नवा पाइप वळवायला तोच साचा.

आट्यांच्या बाबतीत अंदाजाने जाऊ नका. एम10, 1 मिमी आट्यांचा नट आणि काही जुन्या परदेशी गाड्यांतला तीन अष्टमांश इंची नट हातात घेतले तर जुळे वाटतात. चुकीचा नट काही फेरे आत जातोही. मग एकतर आटे मरतात किंवा तो ढिला बसून दाबाखाली उडतो. जुना नट खिशात घालूनच दुकानात जा.

पाइपच्या तोंडाचा आकारही दोन प्रकारचा असतो. पोर्टच्या, म्हणजे नट जिथे आवळतो त्या भोकाच्या, तळाशी टॉर्च मारा. मधोमध टोकदार उंचवटा दिसला तर पाइपला दुहेरी दुमडलेलं, नरसाळ्यासारखं तोंड हवं. तळ खोलगट असेल तर बुडबुड्यासारखं गोल तोंड हवं. एकाच्या जागी दुसरं नट आवळून आवळून बसवलं तर आज गळणार नाही, महिन्याने गळेल. एकेरी दुमडलेलं तोंड तर ब्रेकला मुळीच नको, ते कडेने चिरतं.

पाइप हॅकसॉने न कापता पाइप कटरने कापा, आतली-बाहेरची कड घासून गुळगुळीत करा आणि आतला कीस फुंकून काढा. तोंड बनवण्याआधी नट पाइपात ओवलाय ना, हे बघा. पहिली तीन-चार तोंडं टाकाऊ तुकड्यावर करा. तोंड एका अंगाला झुकलेलं, चिरलेलं किंवा पातळ दिसलं तर कापून पुन्हा करायचं.

सरळ, आखूड पाइप टाकणं

मास्टर सिलेंडरजवळ मूळ पाइपला एक-दोन वेटोळी असतात. नवा पाइप टाकताना "उगाच लांबवलाय" म्हणून ती गाळली जातात. ती वेटोळी इंजिनाची आणि चेसिसची वेगवेगळी थरथर पचवण्यासाठी आहेत. गाळलीत तर सगळा ताण नटाशी येतो आणि पाइप तिथेच तडकतो. क्लिपाही मूळ होत्या तेवढ्या सगळ्या लावा, सायलेन्सरपासून लांब राहा, आणि सांडपाण्याची नळी पाइपच्या वाटेवर येत असेल तर नळी हलवा.

रबरी होज विसरणं

लोखंडी पाइप नवा आणि होज (पाइपपासून हलत्या चाकापर्यंत जाणारी लवचिक नळी) वीस वर्षांचा, असं बऱ्याचदा होतं. होज वाकवून बघा, चिरा दिसल्या तर बदला. कुणीतरी ब्रेक दाबून धरला असताना तो फुगत असेल तरी बदला. पण बाहेरून चांगला दिसणारा होज आतून सुजलेला असू शकतो. मग दाब चाकाकडे जातो पण परत येत नाही, आणि ते चाक चालताना धरून राहतं. लोक अशा वेळी चाकाचं सिलेंडर बदलतात, दोष मात्र होजचा असतो. द्रव थांबवायला होजला व्हाइस ग्रिपने चिमटणं आणि कॅलिपर (डिस्क ब्रेकचा चिमटा) होजवर लटकत ठेवणं, या दोन सवयींनीच तो आतून फाटतो. नवा होज पीळ न पडता बसवा, तांब्याचे वॉशर नवे घाला, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून तो टायरला कुठे घासत नाही ना, हे बघा.

हवा काढताना

पाइप बदलल्यावर चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढायची, मास्टर सिलेंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करून. उजवं स्टिअरिंग असलेल्या आपल्या गाड्यांत बहुधा मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. कंपनीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तो पाळा. पेडल सोडायच्या आधी ब्लीड स्क्रू (चाकापाशी हवा बाहेर सोडायचा स्क्रू) बंद झालाच पाहिजे आणि डबी रिकामी होता कामा नये.

दोन गोष्टी अनुभवी हातांकडूनही राहून जातात. पहिली: पेडल पार जमिनीपर्यंत दाबणं. जुन्या मास्टर सिलेंडरमध्ये रोजच्या वापरात न येणाऱ्या टोकाला गंज आणि गाळ असतो. आतले रबरी वॉशर तिथपर्यंत गेले की फाटतात, आणि कालपर्यंत चांगलं असलेलं सिलेंडर आज आतून गळू लागतं. पेडलखाली दोन बोटं जाडीचा लाकडी ठोकळा ठेवा.

दुसरी: बऱ्याच व्हॅनमध्ये मागच्या एक्सलला जोडलेला, भारानुसार दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. चेसिस जॅकवर घेऊन मागचा एक्सल लटकत ठेवला तर व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा प्रवाह जवळजवळ अडवतो. मग तास-तास पंप मारूनही मागून हवा येत नाही. स्टँड एक्सलखाली लावा, म्हणजे भार चाकांवर असल्यासारखा राहील. पाटे बदलून मागची उंची वाढवली असेल तर हा व्हॉल्व्ह नव्याने जुळवून घ्यावा लागतो.

काम झाल्यावर इंजिन सुरू करा आणि एकाला पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरायला सांगा. पेडल हळूहळू बसायला नको. तेवढ्यात दुसऱ्याने प्रत्येक नटाला कोरडा टिश्यू लावून बघावा. मग मोकळ्या मैदानात 10 च्या वेगाने, नंतर 20 ते 30 च्या वेगाने, हात हँडब्रेकवर ठेवून. पहिले शंभर किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासा. आणि पहिला घाट रिकाम्या गाडीने उतरा, खाली आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात धरा, टेकवू नका. एकाच एक्सलवरच्या दोन चाकांपैकी एक जास्त तापलेलं असेल तर त्या चाकाचा होज आधी बघा.