स्पर्धा पुढे ढकलली? आधी जन्मसाल वाचा

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावात मुलांना मैदानी खेळ शिकवतो. ही यादी लिहायला बसलोय, कारण एका पोराचं अख्खं वर्ष मी माझ्या हाताने वाया घालवलंय. २०२० च्या जुलैत नैरोबीला वीस वर्षांखालील जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धा व्हायची होती. करोनामुळे ती पुढे गेली आणि १८ ते २२ ऑगस्ट २०२१ ला झाली. आमचा गोळाफेकवाला तेव्हा राज्यात नाव काढत होता. नैरोबी त्याच्यासाठी लांबच होती, पण तिथे जाणाऱ्या शिडीच्या खालच्या पायरीवर त्याचा पाय होता. स्पर्धा लांबल्याचं वाचून मी खूश. त्याला फोन करून म्हटलं, "चल, वर्ष मिळालं आपल्याला."

पोराचा जन्म नोव्हेंबर २००१ चा. कळलं? मला नव्हतं कळलं. पुढल्या वर्षी निवड चाचणीचा ऑनलाइन अर्ज भरायला बसलो. जन्मसालाच्या चौकटीवर बोट ठेवलं, यादी उघडली, आणि ती २००२ ला सुरू होत होती. मला वाटलं नेट अडकलंय. पान पुन्हा उघडलं. पोरगा शेजारी उभा होता, तोच हळू आवाजात म्हणाला, "सर, माझं साल नाहीये यात."

म्हणून पहिली गोष्ट, आणि दुसरी काही वाचायचा कंटाळा आला तर एवढीच वाचा: स्पर्धा पुढे गेल्याची बातमी आली की तारीख वहीत लिहायच्या आधी जन्मसालाची अट शोधा. नवी अट. जुन्या पत्रकातली नाही, गेल्या वर्षी पाठ झालेली नाही. अॅथलेटिक्समध्ये वीस वर्षांखालील गटाचं वय स्पर्धेच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मोजतात आणि जागतिक स्पर्धेला ते १६ ते १९ मध्ये बसावं लागतं. स्पर्धा २०२० मध्ये असती तर २००१ वाला १९ चा, म्हणजे आत. २०२१ मध्ये गेली की तोच २० चा, म्हणजे बाहेर. मग त्याचा वाढदिवस नोव्हेंबरात असो की जानेवारीत. बोटांवर होणारा हिशेब आहे हा. मी केला नाही, कारण "पुढे ढकलली" हे शब्द मला "वेळ मिळाला" असे ऐकू आले.

आणि प्रत्येक खेळाचं गणित निराळं. टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये गेलं तेव्हा पुरुषांच्या फुटबॉलची २३ वर्षांखालील अट फिफाने हलवली नाही. १ जानेवारी १९९७ ला किंवा नंतर जन्मलेले सगळे तसेच पात्र राहिले, म्हणजे चोवीस वर्षांचे गडीही खेळले. त्यामुळे कुणी फुटबॉलवाला तुम्हाला सांगेल, "अहो, काळजी करू नका, जुनीच अट चालते." त्याच्या खेळात चालली. तुमच्या खेळात चालते का, ते तुमच्या खेळाच्या नियमपत्रकात बघा. ऐकीव माहितीवर जाऊ नका, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर नकोच.

चालली म्हणावं तर तेही पक्कं नसतं. सतरा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक २०२० मध्ये आपल्याकडे व्हायचा होता. तो फेब्रुवारी-मार्च २०२१ वर गेला, तेव्हा २००३ ते २००५ मध्ये जन्मलेल्या मुलींची पात्रता कायम ठेवली होती. मुली निवांत झाल्या असतील. मग नोव्हेंबर २०२० मध्ये ती स्पर्धाच रद्द झाली आणि भारताला पुढची, २०२२ ची दिली. तिला साल लागलं २००५ आणि त्यापुढचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या किनाऱ्यावर मडगावलाही सामने झाले, पण २००३-०४ च्या मुलींना ते गॅलरीत बसूनच बघायचे होते. तेव्हा अट एकदा वाचून भागत नाही. तारीख हलली की वाचा. पुन्हा हलली की पुन्हा वाचा.

सगळ्यात मोठी उडी डाकारची. सेनेगलमधलं युवा ऑलिंपिक २०२२ ला होतं, जुलै २०२० मध्ये ते थेट २०२६ वर नेलं. चार वर्षं! २०२२ ला १५ ते १८ मध्ये बसणारं एकही पोर २०२६ ला अठराच्या आत राहत नाही. एक पिढी गेली, दुसरी आली. तिथे निदान घोटाळ्याला जागा नव्हती, सगळ्यांनाच उघड दिसत होतं. घात होतो तो एक वर्षाच्या ढकलण्यात, कारण तेवढ्यात पोरगा तसाच दिसतो, तसाच धावतो, आणि आपण गाफील राहतो.

वयाच्या चौकटीचं दुसरं टोकही बघा. वरून पोरं बाहेर पडतात तशी खालून आत येतात. नैरोबीला २००५ ची मुलं २०२० मध्ये लहान ठरली असती, २०२१ मध्ये बसली. टोकियोला जिम्नॅस्टिक्समध्ये २००५ च्या मुलींना असाच फायदा झाला. माझ्याच मैदानावर २००५ ची एक लांब उडीवाली होती. तिच्या वडिलांना मी कित्येक महिने सांगत होतो, "अजून लहान आहे, घाई नको." म्हणजे एकाच वर्षात मी दोन्ही टोकांना चुकलो. तेव्हा पत्रक वाचताना हजेरीपट शेजारी घ्या आणि प्रत्येक नावापुढे जन्मसाल लिहा. फक्त हुशार चार-पाच पोरांपुढे नाही, सगळ्यांपुढे.

आता जन्मसाल लिहायचं तर ते कुठलं? कोकणात निम्म्या पोरांचा जन्म १ जूनचा असतो, निदान शाळेच्या दप्तरात. गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी घातलेली तारीख. खरी तारीख ग्रामपंचायतीच्या नोंदीत, ती कधी दुसऱ्याच महिन्यातली, कधी दुसऱ्याच सालातली. डिसेंबर आणि जानेवारी यांच्यामधली एक रात्र या खेळात एका वर्षाची असते. म्हणून ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला काढा, शाळेचा दाखला आणि आधार त्याच्या शेजारी ठेवा आणि तिन्ही तारखा मोठ्याने वाचा. जुळत नसतील तर आत्ता दुरुस्त करा. जन्माची नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल तर ती नुसत्या अर्जाने होत नाही, दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि तो आठवड्याभरात हातात पडत नाही. साल आपल्या सोयीने "दुरुस्त" करायचा मोह होईल. कुणी सुचवेलही. करू नका. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात आणि पोरगा कायमचा बदनाम होतो.

दाखल्यांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठी घराघरात शिरली तेव्हा माझ्या एका मित्राच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात बारा पोरांच्या फायली होत्या. नंतर त्यांचा लगदा हातात घेऊन तो दाराशी बसला होता.

पासपोर्ट. इथेही ढकललेली तारीख चावते. अल्पवयीनांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यात जे आधी येईल ते. म्हणजे जुन्या तारखेला चालणारा पासपोर्ट नव्या तारखेला संपलेला असू शकतो, तेही नेमका वाढदिवशी. बरेच देश सहा महिने शिल्लक मागतात, तेही मोजा. पंधरा ते अठरामधल्यांना दहा वर्षांचा घेता येतो, मग तोच घ्या, वाद नको. साधारणपणे आई-वडील दोघांची सही लागते, आणि आपल्याकडे बाबा बोटीवर नाहीतर आखातात. ते सुट्टीवर आले की पहिल्या आठवड्यात सही घ्या. गणपती झाल्यावर घेऊ म्हणाल तर बाबा गेलेले असतात.

सराव. पात्रता गेली की नुसती स्पर्धा जात नाही, हत्यार बदलतं, आणि हे पालकांना माहीतच नसतं. वीस वर्षांखालील मुलांचा गोळा सहा किलोचा, खुल्या गटाचा ७.२६. सव्वा किलो म्हणजे बाजारात पिशवीभर कांदे, पण मनगटाला विचारा. थाळी पावणेदोन किलोची दोनवर जाते. अडथळे ९९.१ सेंटीमीटरचे १०६.७ होतात. मुलींचं एक बरं आहे, त्यांचा चार किलोचा गोळा आणि ६०० ग्रॅमचा भाला पुढेही तोच राहतो. आमचा पोरगा टाळेबंदीत घराच्या खळ्यात सहा किलोचा गोळा टाकत बसला होता. आई फोनवर म्हणायची, "सर, खळ्याची चाळण झाली हो." प्रत्येक खड्ड्यात पावसाचं पाणी साचलेलं, त्यात पडून गोळा तांबड्या चिखलाने लडबडायचा, आणि हा पोतेऱ्याने पुसून पुन्हा उभा. रोज साठ फेकी, आणि सगळ्या चुकीच्या गोळ्याच्या. पुढे ७.२६ चा हातात दिला तेव्हा अंतर दीड मीटरने खाली आलं आणि त्याचा चेहरा त्याहून खाली. वर्षभर आधी दिला असता तर एव्हाना मनगटाला सवय झाली असती.

म्हणून म्हणतो, जन्मसाल आधी. साल कळलं की गोळा कळतो, गोळा कळला की सराव ठरतो. उलट्या क्रमाने गेलात तर माझ्यासारखे खड्डे भरत बसाल.

बाहेर पडणाऱ्या पोराला तुम्हीच सांगा, आणि त्याच आठवड्यात. अर्जातल्या यादीवरून त्याला कळू देऊ नका. सांगताना खुल्या गटातली पुढची स्पर्धा तारखेसकट सांगा. "बघू काहीतरी" म्हणालात तर पोरगा मुंबईची गाडी धरतो, हॉटेलात नाहीतर गोदामात लागतो, आणि गणपतीला येतो तेव्हा खांदे उतरलेले असतात.

आत राहिलेल्यांनाही एकाच तारखेवर टांगू नका. आशियाई युवा स्पर्धा २०१३ ला नानजिंगला झाल्या. पुढे चीनमधल्याच शांटौला नोव्हेंबर २०२१ मध्ये ठरल्या, डिसेंबर २०२२ वर गेल्या आणि शेवटी रद्दच झाल्या. तिसरी खेप व्हायला बहरीनमध्ये ऑक्टोबर २०२५ उजाडला. तिथे आपल्या कबड्डीच्या मुला-मुलींनी दोन्ही सुवर्णं आणली, पण मधल्या बारा वर्षांतली पोरं कुठे खेळली असती? तेव्हा शालेय, जिल्हा, राज्य यांतलं काहीतरी हाताशी ठेवा.

मैदान. जून ते सप्टेंबर आपलं मैदान पावसाचं असतं हे मी सांगायला नको. नवी तारीख ऑगस्ट-सप्टेंबरात पडली तर पत्र्याखालचं सिमेंटचं वर्तुळ आत्ताच शोधा आणि रोज शेवाळ खरवडा. पाय घसरून घोटा गेला तर जन्मसाल बरोबर असून काय उपयोग.

पुढचं थोडक्यात, दमलो. केनिया, सेनेगल असं काही असेल तर पीतज्वराची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी. ती ठरावीक केंद्रांवरच मिळते, तालुक्याच्या दवाखान्यात नाही. खोकल्याचं औषधसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नका, उत्तेजक चाचणीत अडकाल. विमा, व्हिसा, बूट, हे ज्याचं त्याला कळतं. तिकिटं नवी तारीख लेखी आल्यावरच. फॉर्म भरताना पोराला शेजारी बसवा.

आणि फॉर्म उघडायच्या आदल्या रात्री पत्रक परत काढा. जन्मसालाची ओळ. तारीख मध्येच पुन्हा हलली नाही ना, तेही बघा.