सिंगापुरात लाक्सा स्वस्तात कसा खावा

लाक्सा म्हणजे नारळाच्या दुधातल्या तिखट रश्शातल्या शेवया, तिथल्या चिनी-मलय वारशाच्या पेरानाकन समाजाचा पदार्थ. तो रेस्टॉरंटात मागवायच्या आधी मेन्यूवर किमतीपुढे ‘++’ आहे का ते बघा. असेल तर वर 10 टक्के सेवाशुल्क आणि त्या सगळ्यावर 9 टक्के जीएसटी लागतो. 15 सिंगापूर डॉलरचा बाऊल 18 ला पडतो.

तोच लाक्सा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या छोट्या स्टॉल्सच्या सार्वजनिक मंडईत, साधारण 4 ते 6 डॉलरला मिळतो. फलकावरची किंमत तीच शेवटची.

1. दुपारी बारा ते एक टाळा, ऑफिसवाल्यांची रांग असते. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर जागा धरलेली समजा. आपल्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात, तसंच.
2. सर्वांत लहान बाऊल घ्या. रस्सा इतका दाट असतो की एकाला पुरतो. रस्सा पिऊन फुगलेले तळलेल्या टोफूचे तुकडे मला तर कोळंबीपेक्षा आवडतात.
3. शिंपले (तिथे ‘हम’) आवडत नसतील तर ‘नो हम’ म्हणा.
4. सांबल, म्हणजे मिरचीची तिखट चटणी, आधी चाखा, मग कालवा.
5. कटोंग या सिंगापुरातल्या भागाच्या पद्धतीत जाड शेवया तोडलेल्याच असतात, नुसत्या चमच्याने खा.
6. ट्रे परत ठेवा. टेबलावर तसाच सोडला तर दंड होऊ शकतो.

शाकाहारी मंडळींनी मात्र जपून. ‘कोळंबी नको’ सांगून भागत नाही, कारण वाटणातच सोडे असतात. फलकावर ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेला स्टॉलच शोधा.