घोट्याचा एक्सो पहिल्यांदा बांधताना

प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की पहिला प्रश्न मोटर किती ताकदीची हाच असतो. मी त्याला आधी पट्टा बांधायला बसवते. घोट्याचं एक्सोस्केलेटन (थोडक्यात एक्सो) म्हणजे पायावर बांधायचं, चालताना घोट्याला ढकल देणारं यंत्र. त्याची चाचणी बहुतेक वेळा तिथेच बिघडते.

माणसाला खुर्चीवर बसवा, गुडघा काटकोनात. बाहेरच्या घोट्याचं हाड बोटाने चाचपून टोकावर पेनाने खूण करा. आता आतलं चाचपा, ते थोडं वर आणि पुढे लागेल. म्हणजे घोटा तिरक्या आसाभोवती फिरतो आणि यंत्राचा सांधा सरळ. तंतोतंत जुळणार नाहीच, पण बाहेरचा बोल्ट खुणेसमोर येईल एवढं नक्की जमतं. मग त्यांना उभं करून परत तपासा, कारण वजन पडलं की पाऊल बुटात सरकतं.

आता नडगीवरचा पट्टा. मागची केबल टाच वर ओढते तेव्हा चौकट नडगीला समोरून दाबते. हिशोब करून बघा: टॉर्क, म्हणजे सांधा फिरवणारा जोर, ३० न्यूटन-मीटर आणि पट्टा घोट्यापासून ३० सेंटिमीटरवर, तर नडगीवर १०० न्यूटन, म्हणजे जवळपास १० किलोचा भार, प्रत्येक पावलाला. पट्टा घसरून २० सेंटिमीटरवर आला की तेच १५० न्यूटन. तिथे हाडावर नुसती कातडी असते. म्हणून पट्टा गुडघ्याच्या जरा खाली, पोटरीच्या फुगवट्यावर टेकलेला हवा आणि आत जाड पॅड हवं.

एका स्वयंसेवकाला मी वीस मिनिटं अधूनमधून ‘कसं वाटतंय?’ विचारत होते आणि ते ‘ठीक आहे’ म्हणत राहिले. पट्टा सोडला तेव्हा कातडी सोललेली होती. त्या दिवसापासून मी विचारते, ‘सगळ्यात जास्त कुठे दाबतंय, बोट ठेवून दाखवा.’ लोक सौजन्याने ‘ठीक’ म्हणतात, पण बोट खरी जागा दाखवतं. पाच मिनिटांनी पट्टा उघडून बघायचाच. लाली दहा मिनिटांत गेली नाही, तर त्या दिवशी चाचणी बंद.

ट्रेडमिलवर चढवण्याआधी थांबवायचं बटण त्यांच्या हातात द्या आणि एकदा दाबून घ्या. सुरुवात शून्य टॉर्कने करा, म्हणजे यंत्र फक्त पायामागे येईल. नंतर टॉर्क हळूहळू वाढवा.

खरी मेख वेळेत आहे. टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत १०० टक्के धरा. पाऊल साधारण ६० टक्क्यांपर्यंत जमिनीवर असतं आणि घोट्याचा स्वतःचा जोर ५० च्या आसपास सर्वाधिक असतो. २०१३ मध्ये गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी यंत्राची ढकल सुरू होण्याची वेळ बदलून पाहिली. ४३ टक्क्यांच्या आसपास सर्वांत जास्त ऊर्जा वाचली. ढकल लवकर आली तर पुढे झुकणारी नडगी अडते. हे ग्राफवर शोधत बसू नका, गुडघ्याकडे बघा: माणूस गुडघा वाकवून किंवा चवड्यावर जाऊन वाट काढतो. तसं दिसलं की ढकल दोन टक्के उशिरा करा.

ताकदीबद्दल एवढंच सांगते: २०१५ मध्ये कॉलिन्स, विगिन आणि सॉविकी यांनी मोटर नाही, बॅटरी नाही, फक्त स्प्रिंग आणि क्लच वापरून चालण्याची ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी कमी केली. त्यातही मध्यम ताठर स्प्रिंग सर्वांत उपयोगी ठरली.

पहिल्या दिवशी ऊर्जा मोजू नका, नुसतं चालू द्या. शरीराला ही मदत घ्यायला शिकावं लागतं. मोजाल तेव्हा माणूस तीन-चार तास उपाशी हवा. सहा मिनिटं श्वासावरून ऊर्जा मोजणारा मास्क लावून चालवा, शेवटच्या दोन मिनिटांची सरासरी घ्या. तुलना साध्या बुटांशीही करा. नुसत्या शून्य टॉर्कशी केली तर पायावर लादलेलं यंत्राचं वजन हिशोबातून निसटतं आणि आकडा उगाच मोठा दिसतो.

एक्सो उतरवल्यावर माणसाला लगेच जिन्याकडे जाऊ देऊ नका. दोन-तीन मिनिटं साध्या बुटात सपाटीवर चालवा, शेजारी चाला. पाय अजून त्या ढकलीची वाट बघत असतो.