संध्याकाळची ड्राइव्ह आणि जेवण: निघण्याआधीची तयारी

दहा-एक गाड्यांनी मिळून संध्याकाळी फिरून जेवायला जायचं, तर आधी हॉटेलचं पार्किंग बघा, मग रस्ता, मेन्यू सगळ्यात शेवटी. दहा गाड्या एकत्र लागतात का, फाटकाशी उंच गतिरोधक किंवा तीव्र चढ आहे का, हे जाऊन पाहा. स्प्रिंग बदलून जमिनीजवळ खाली बसवलेल्या गाडीचा पुढचा बंपर नेमका तिथेच घासतो. हॉटेलवाल्याला माणसांचा आकडा दोन दिवस आधी सांगा आणि त्या दिवशी सकाळी पुन्हा सांगा. तीन-चार पदार्थ आधीच ठरवून दिले की स्वयंपाकघराची तारांबळ होत नाही. बिलं वेगवेगळी हवी असतील तर तेही तेव्हाच बोलून घ्या.

रस्ता 60-70 किलोमीटरचा पुरे. जायचं त्याच वेळेला एकदा फिरून या, कारण दुपारी निर्धोक वाटलेलं वळण मावळतीचा सूर्य समोर असला की दिसत नाही. पुढची काच आतूनही पुसा. आतला धुरकट थर समोरचे दिवे पसरवतो.

हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा. चालून गरम झालेला टायर 3-4 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त दाखवतो, आणि तेवढ्यावरून हवा कमी केली की थंड झाल्यावर ती कमीच पडते. स्टेपनीही तपासा, बारीक, तात्पुरती असेल तर तिला बहुधा 60 पीएसआय लागते आणि वेगमर्यादा ताशी 80 किलोमीटरची असते. अलॉय चाकांना लॉक नट (चोरी होऊ नये म्हणून लावलेले, खास सॉकेटनेच उघडणारे नट) असतील तर त्यांचा सॉकेट गाडीत आहे ना, हे हाताने चाचपून बघा. तो घरच्या कपाटात राहिला तर जॅक, पाना, स्टेपनी असूनही चाक निघत नाही. टाकी प्रत्येकाने भरूनच यायचं. पंपावर दहा गाड्यांची रांग म्हणजे अर्धा तास गेला.

गाड्या दहाच्या वर गेल्या तर दोन गट करा, मध्ये दहा मिनिटांचं अंतर. नियम एकच, पण निघण्यापूर्वी सगळ्यांना ऐकवा: वळायच्या आधी मागची गाडी आरशात दिसली पाहिजे, नाही दिसली तर सुरक्षित जागी थांबायचं. म्हणजे सिग्नलने ताफा तुटला तरी कुणी चुकत नाही आणि गाठायला पळावंही लागत नाही. पहिली गाडी वळणातून निघून 60 वर गेली की मागच्या प्रत्येकाला अंतर भरायला थोडं जास्त पळावं लागतं, दहाव्याचा काटा 80 वर जातो. म्हणून पुढच्याने वळणानंतर रेंगाळायचं. चारही इंडिकेटर लावून चालवू नका, वळण्याचा इशाराच देता येत नाही.

जंपर केबल, हवेचा पंप, टॉर्च आणि प्रथमोपचाराची पेटी शेवटच्या गाडीत. तिथे गाडीची कामं येणारा माणूस बसवा. चालवणाऱ्याने प्यायची नाही, यावर चर्चा नको. निघताना पार्किंगमध्ये रेस मारू नका, पुढच्या वेळी जागा मिळत नाही. घरी पोचल्याचा निरोप शेवटच्या गाडीवाल्याला द्या. आलेल्या सगळ्यांच्या यादीतलं शेवटचं नाव खोडल्याशिवाय त्याने झोपायचं नाही.