चंदीगडची खुर्ची, पुण्यात विणताना

जुन्या बाजारात बुधवारी सागवानी खुर्ची मिळाली. पाय उलट्या व्ही अक्षरासारखे, वेत फाटलेला. विकणारा म्हणे, "ओरिजिनल चंदीगड!" ओरिजिनल कसली, पण बांधा मात्र पिएर जानरेंचाच. चंदीगड शहराचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्ब्युझिएच्या भावकीतले हे स्विस वास्तुकार १९५१ ते १९६५ चंदीगडला राहिले. कचेऱ्यांसाठी इथल्याच सागवान-वेतात खुर्च्या आखल्या. १९६७ मध्ये गेले, अस्थी चंदीगडच्याच सुखना तलावात.

आता काम. जुना वेत कापून काढा, भोकं दाभणाने मोकळी करा. नवा वेत अर्धा तास पाण्यात भिजवा. मी पहिल्यांदा घाईत पाच मिनिटांत काढला आणि वळवताच तडकला. चकचकीत बाजू वर. आधी दोन पदर उभे, मग दोन आडवे, शेवटी दोन तिरपे, एकमेकांना छेद देणारे. तिरप्यांशी चुकलात तर उसवाच, दुसरा इलाज नाही. ओला वेत फार ताणू नका, वाळल्यावर आपोआप आवळतो. टोकं खालून गाठवा. लाकडावर पॉलिश पेपर, मग जवसाच्या तेलाचा पातळ हात. चकचकीत व्हार्निश? कृपा करा, नको. दोन दिवस कुणालाही बसू देऊ नका, पाहुण्यांनासुद्धा.