इथिओपियात प्रशिक्षण देण्यास जाताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून ओतकाम शिकवण्यासाठी इथिओपियात जाणाऱ्यांनी सर्वप्रथम तेथील घड्याळ समजून घ्यावे. तेथे दिवसाचे तास सूर्योदयाच्या सुमारापासून मोजतात. आपल्या सकाळच्या आठला तेथे दोन वाजलेले असतात, म्हणून वर्गाची वेळ कोणत्या पद्धतीने सांगितली आहे हे विचारून ती दोन्ही पद्धतींनी फळ्यावर लिहावी. दिनदर्शिकाही 13 महिन्यांची आणि सात-आठ वर्षांनी मागे असल्याने प्रमाणपत्रावरील तारखेचा निर्णय आधीच करावा.

बुधवार आणि शुक्रवार हे आपल्याकडे तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे वार असले, तरी तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे ते उपवासाचे दिवस आहेत. मांस, अंडी, दूध वर्ज्य असते आणि अनेकजण दुपारपर्यंत काहीच खात नाहीत. भट्टीजवळची कष्टाची प्रात्यक्षिके त्या दिवशी ठेवू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

जेवण बहुधा एकाच ताटातून, उजव्या हाताने होते. कोणी प्रेमाने घास भरवल्यास तो नाकारू नये. पारंपरिक पद्धतीने कॉफी दिली, तर तिच्या तीन फेऱ्या होतात. पहिल्या कपानंतर न उठता तेवढा वेळ वेळापत्रकात राखून ठेवावा.